भिंगरीचे चांगले दिवस

चादरीची घडी घालायला काय अक्कल लागते, असं ज्याला वाटतं त्याने एकदा भिंगरी कामाला होती त्या लॉन्ड्रीत जाऊन घडी घालून दाखवावीच. मोठ्या पलंगाची चादर, इस्त्रीच्या रोलरमधून नुकती निघालेली, हाताला चटका देणारी. दोन बाया समोरासमोर, प्रत्येकीच्या हातात दोन टोकं. एकदम झटका द्यायचा, चादर ताठ करायची, पुढे यायचं, आपली टोकं समोरचीच्या हातात सोपवायची, वाकून पडती घडी झेलायची आणि पुन्हा मागे. एकीचा झटका आधी आणि दुसरीचा नंतर झाला की घडी वाकडी. वाकडी घडी हॉटेलवाला परत पाठवतो, आणि हॉस्पिटलवाला शिव्यांसकट परत पाठवतो.

त्या दिवशी सकाळपासून भिंगरीच्या हातातून टोक सुटत होतं. समोर तिची नणंद उभी होती. पहिल्या वेळी नणंदेने भुवई उचलली, दुसऱ्या वेळी सुस्कारा टाकला, आणि तिसऱ्या वेळी चादर गपकन आपल्याकडे ओढून घेतली.

"जा, बस जाऊन. मी घेते खुंटीवर."

"नाही वन्सं, जमतंय मला."

"काय जमतंय? डोंबल?"

लॉन्ड्रीच्या भिंतीत दोन जाड लाकडी खुंट्या होत्या. जोडीदारीण नसली की चादरीची दोन टोकं त्यांना अडकवायची आणि दुसऱ्या बाजूने एकटीने ताणायचं. दोघींचं काम एका खांद्यावर. भिंगरी बाकावर जाऊन बसली, खुंटीकडे पाठ करून, कारण वन्संना असं एकटीने ओढताना बघायची तिची हिंमत नव्हती. तिथून तिला घरीच पाठवलं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लॉन्ड्रीत पहिल्यांदा आली तेव्हा इतकी चपळ होती की बाकीच्या म्हणाल्या, ही बाई आहे की भिंगरी! तेच चिकटलं. आता त्या नावाने कुणी हाक मारली की तिला कानाखाली बसल्यासारखं व्हायचं. मान, खांदे, कोपरं, कंबर, गुडघे, कुठे दुखत नाही ते विचारा. कुणी मायेने पाठीवर हात ठेवला तरी कळ यायची. रात्रभर डोळे मिटलेले असायचे आणि सकाळी उठावं तर रात्रभर दगड फोडल्यासारखं अंग. डोक्यात नुसतं धुकं. एकदा टॉवेल आणायला गेली आणि कपाटापुढे उभी राहिली, आपण इथे का आलो तेच आठवेना.

तपासण्या तर काय काय झाल्या! रक्त काढलं, फोटो काढले, त्या धडधडणाऱ्या बोगद्यात निजवलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट चांगला आला की माणसाला आनंद होतो ना? हिला रडू यायचं. कारण नॉर्मल रिपोर्टचा लोकांनी काढलेला अर्थ एकच, की बाई नाटकं करते. नवरा ट्रक चालवायचा, कायम रस्त्यावर. फोनवर विचारायचा, "कशी आहेस?" आणि ती म्हणायची, "बरी आहे." घरात उरल्या दोघी, भिंगरी आणि वन्सं. घरीही जोडी, कामावरही जोडी. वन्संनीच तिला या कामाला लावलं होतं, त्यामुळे हिची लाज ती त्यांची लाज.

आता त्या लॉन्ड्रीची रीत सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. लिहिलेली कुठे नव्हती, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक. एखादीला बरं नसलं की बाकीच्या तिचं काम उचलायच्या, एका शब्दाने न विचारता. त्याला त्या "उसने हात" म्हणायच्या. पण उसनं ते उसनं. बरी होऊन आली की तिने चहाच्या सुट्टीत बसायचं नाही. जिने हात दिले ती बसणार, चहा पिणार, आणि ही खुंटीवर तिचा गठ्ठा उपसणार. वर आणखी एक गठ्ठा, आपला मानाचा. मागत कुणी नव्हतं हो! पण जी फेडायची नाही तिच्याशी जोडी लावायला कुणी पुढे यायचं नाही. रीत वाईट नव्हती. एरवी ताप यायचा, जायचा, उसने हात फिटायचे, गोडी राहायची. हिचं दुखणं मात्र जायला आलेलंच नव्हतं.

त्यामुळे व्हायचं काय, की चार दिवस अंग मोडून काढल्यावर एखादी सकाळ बरी उजाडायची. मग भिंगरी पेटून उठायची. वन्संचं फेडायचं, बाकीच्यांचं फेडायचं, वरचा मानाचा गठ्ठा, शिवाय घरी साचलेलं सगळं. आणि संध्याकाळी पुन्हा अंथरुणावर, मेल्यासारखी. पुन्हा वन्सं खुंटीवर, पुन्हा उसने हात. ती फेडत जायची तितकं वाढतच जायचं.

शेवटी एका डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अंगावर जागोजाग दाबून पाहिलं आणि एक लांबलचक नाव घेतलं, फायब्रोमायल्जिया. "गोळीचं लागलं तर पुढे बघू," ते म्हणाले, "पण आधी खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीला जा. तिथलं जास्त कामाचं आहे."

खालच्या मजल्यावर एक ठेंगणी, स्पष्टवक्ती बाई होती. लोक तिला व्यायामवाल्या बाई म्हणायचे. त्यांनी भिंगरीच्या मानेवर गरम शेकाची पिशवी ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

"मागचा चांगला दिवस कसा गेला, ते सांगा."

भिंगरीचा चेहरा उजळला. दुखणं सगळेच विचारतात, चांगल्या दिवसाचं कोण विचारतं? "अहो, मंगळवारी काय छान होतं अंग! सकाळी पडदे धुतले. कामावर दोघींचं फेडून टाकलं, चहालाही बसले नाही. घरी येऊन माळा आवरला आणि फरशी घासली."

"आणि बुधवारी?"

भिंगरी मानेवरची पिशवी सारखी करायला लागली.

"गुरुवारी?"

"शुक्रवारी दुपारी उठले," ती पुटपुटली.

"म्हणजे एका दिवसाची उधळपट्टी आणि मग उपास."

"उधळपट्टी?" भिंगरी भडकली. "काम केलं मी! मजा नाही मारली!"

"कामाचीच उधळपट्टी म्हणते मी. हे बघा, तुमचं दुखणं खोटं नाही. आधी ते डोक्यातून काढा. हाडं, सांधे शाबूत आहेत, हेही खरं. बिघडलीय ती आतली दुखण्याची घंटा. दारात चोर आला की वाजायला हवी, तर ती वाऱ्याने दार हललं तरी वाजते. तुम्ही एका दिवसात एवढं दणादण केलंत की ती चार दिवस थांबत नाही. तिला हळूहळू समजवायचं, की बाई गं, घाबरण्यासारखं काही नाही."

भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खोटं नाही! एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच एका माणसाने तेवढं म्हटलं होतं.

"मग करू काय?"

"कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. रोज थोडं चालायचं. बऱ्या दिवशी तेवढंच आणि वाईट दिवशीही होईल तेवढं, पण चुकवायचं नाही. झोपायची आणि उठायची वेळ एकच, सुट्टी असली तरी. झोपण्याआधी गरम पाण्याने अंघोळ, आणि फोन दुसऱ्या खोलीत. खांदे मोकळे करायचे चार प्रकार शिकवते. एक काम धरून बसायचं नाही, मध्ये उठायचं, हात बदलायचा. आणि सगळ्यांत अवघड काय, तर चांगल्या दिवशी थांबायचं. अंगात अजून जोर आहे असं वाटत असतानाच थांबायचं."

"मग फेडायचं कधी?"

"काय फेडायचं?"

भिंगरीने उसन्या हातांची रीत सांगितली. बाई ऐकत राहिल्या आणि मग कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला सारखं अंथरुणावर कोण पाडतं, ते मला आत्ता कळलं."

घरी येऊन भिंगरीने बाकीचं सगळं इमानेइतबारे सुरू केलं. कामावरून आली की इमारतीभोवती फेरी. वन्सं गॅलरीतून म्हणायच्या, "निघाल्या राणीसाहेब हवा खायला!" भिंगरी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण पावलं जड व्हायची. फरशी अर्धी पुसून ती बादली बाजूला ठेवायची.

"हे काय? अर्धीच?"

"उरलेली उद्या, वन्सं."

"उद्या? फरशीला काय मुहूर्त लागतो?" मग वन्सं उरलेली फरशी स्वतः पुसायच्या, बादली अशी आपटत की शेजाऱ्यांनाही कळावं, या घरात काम कोण करतं. भिंगरी खोलीत खांदे फिरवत बसायची, सावकाश श्वास घेत, आणि बाहेर बादली आदळली की तिचे खांदे पुन्हा कानापर्यंत जायचे.

तरी फरक पडायला लागला. बरी झाली म्हणाल तर नाही. दुखायचं रोजच. पण झोप जरा झोपेसारखी लागायला लागली, आणि वाईट दिवस आले तरी ती अंथरुणाला खिळायची नाही, उशिरा का होईना कामावर जायची. एक गोष्ट मात्र तिला जमत नव्हती. चांगला दिवस आला की चहाच्या सुट्टीत तिचे पाय आपोआप खुंटीकडे वळायचे. व्यायामवाल्या बाई दर खेपेला विचारायच्या, "बसलात का?" आणि भिंगरी नजर चोरायची. बसायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत सांगायचं, की मी तुमचं बुडवलं. तोंड दाखवायला जागा राहिली असती का?

अशात बातमी आली. लॉन्ड्रीला एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालं होतं, नवी शेड सुरू होणार होती, आणि शनिवारी सुपरवायझर बाई जोड्या नव्याने लावणार होत्या. जिला जोडी मिळणार नाही ती तळघरात, मळक्या खोलीत. तिथे ओले, जड, घाण कपडे दिवसभर वाकून निवडायचे. ओल अशी की धडधाकट बाईचे सांधे धरावेत. भिंगरीला पक्कं ठाऊक होतं, आपण तिथे आठवडाभरही तग धरणार नाही. काम सुटलं तर सुटलंच. हे अंग घेऊन तिला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

जेवताना वन्सं ताटात बघत म्हणाल्या, "लांबडीने मला विचारलंय."

लांबडी म्हणजे समोरच्या टेबलावरची, उंच, दणकट बाई. तिचा झटका असा की चादर बंदुकीसारखी वाजायची.

भिंगरीचा घास तोंडातच राहिला. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणाले." वन्सं पाणी प्यायल्या. "तुझ्याकडे माझं किती राहिलंय, ते आहे ना लक्षात?"

भिंगरीला वाटलं, ओरडून विचारावं, की मी काय हौसेने पडते का? पण तिने तोंडातला घास गिळला. चूक वन्संची तरी कुठे होती? ओढायचं ते त्यांनीच ओढलं होतं.

शनिवार उजाडला आणि काय सांगावं, अंग बरं! इतकं बरं की पायरी उतरताना गुडघ्यांची आठवणसुद्धा आली नाही. कामावर दोघींचा झटका एकसारखा पडत होता. वन्सं एकदाही करवादल्या नाहीत. भिंगरीच्या मनात एकच घोकणं चाललं होतं. आज फेडायचं. आज सगळं फेडून टाकलं की वन्सं जातील कुठे? चहानंतर जोड्या लागतील तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे माझा गठ्ठा असेल.

चहाची घंटा झाली. वन्सं कप घेऊन बाकावर टेकल्या. भिंगरी खुंटीपाशी गेली, चादरीची टोकं हातात घेतली. सगळ्या बघत होत्या, न बघितल्यासारखं करून.

आणि तिथे तिचे हात थांबले. आज फेडलं तर सोमवारी मी अंथरुणावर. म्हणजे सोमवारी नव्या जोडीच्या पहिल्याच दिवशी वन्सं पुन्हा एकट्या, खुंटीवर. मग पुन्हा मी. मग पुन्हा त्या. हे फिटणार कधी? तिने टोकं खाली ठेवली, कप उचलला आणि बाकावर जाऊन बसली.

लांबडीने शेजारणीला कोपर मारलं. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. वन्संनी भिंगरीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आपला अर्धा चहा खाली ठेवला, उठल्या आणि आपला गठ्ठा उपसायला स्वतः खुंटीपाशी गेल्या.

त्यांनी टोकं अडकवली. मागे सरकून चादर ताणली. वर घ्यायची वेळ आली तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. त्यांनी डावा हात उजव्या कोपराखाली घातला आणि तो उचलून वर नेला, दुसऱ्या कुणाचा हात उचलावा तसा. ओठ घट्ट दाबलेले. दुसऱ्या चादरीलाही तेच. तिसरीला उजवा हात अर्ध्यावरूनच खाली आला.

भिंगरी बघतच राहिली. हे आपल्याला दिसलं कसं नाही? दिसणार कुठून! समोरासमोर घडी घालताना हात खांद्याच्या वर न्यावाच लागायचा नाही. वन्सं खुंटीवर असायच्या तेव्हा ही भिंतीकडे पाठ करून बसलेली, नाहीतर घरी निजलेली. आणि ही खुंटीवर असायची तेव्हा वन्सं बाकावर, चहा घेत, हात मांडीवर ठेवून.

ती उठली. सगळ्यांना वाटलं, आली एकदाची ताळ्यावर. ती वन्संजवळ गेली आणि खुंटीवरची चादर काढून टेबलावर टाकली.

"वन्सं, खांदा गेलाय तुमचा. बसा."

"सोड ती चादर."

"नाही सोडत."

"चारचौघांत तमाशा करू नकोस, भिंगरे!" वन्संचा आवाज दबका होता, पण थरथरत होता. "फेडायचं नाही तर नको फेडूस. मी भीक मागितली नाही तुझ्याकडे."

"नाहीच फेडणार," भिंगरी म्हणाली. "आज नाही, सोमवारी नाही, कधीच नाही. आज अंगात जोर आहे, तरी नाही. आणि यापुढे माझ्यासाठी तुम्हीही खुंटीवर जायचं नाही. मी सावकाश झाले तर आपली जोडी सावकाश. गठ्ठा उरला तर तो दोघींचा उरला. ज्याला बोलायचं त्याने दोघींना बोलावं."

"काय चाललंय?" दारात सुपरवायझर बाई उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, जोड्या सांगा पटापट."

एकेक जोडी ठरत गेली. लांबडी वन्संकडे बघत थांबली होती. वन्सं टेबलाला टेकून उभ्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून, चेहऱ्यावर नुसता राग. भिंगरीला त्यांचा असा राग लग्नापासून ठाऊक होता. त्या रागात त्यांनी भावाशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. ती मनातल्या मनात मळक्या खोलीच्या पायऱ्या उतरायला लागली.

"तुमची कुणाशी?" सुपरवायझर बाईंनी वन्संना विचारलं.

लांबडी एक पाऊल पुढे आली.

"हिच्याशी," वन्सं म्हणाल्या.

"कुणाशी?"

"हिच्याशी म्हटलं ना! माझ्या वहिनीशी." लांबडी होती तिथेच थबकली. वन्सं एका दमात बोलत सुटल्या. "पण आमचे गठ्ठे कमी निघतील, आत्ताच सांगून ठेवते. आम्ही दोघीही चहाला बसणार. खुंटीवर जाणार नाही. वाकडी घडी मात्र एक निघणार नाही. चालत असेल तर बोला, नाहीतर दोघींनाही घाला तळघरात."

सुपरवायझर बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "कमी म्हणजे किती कमी?"

"कमी म्हणजे कमी."

"महिनाभर बघेन," सुपरवायझर बाई शेवटी म्हणाल्या. "जमलं नाही तर मी काही करू शकणार नाही. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

घरी जाताना वन्सं तरातरा पुढे चालल्या होत्या. भिंगरी मागून आपल्या चालीने येत होती. चौकापाशी वन्सं थांबल्या, तिला गाठू दिलं आणि पुन्हा चालायला लागल्या, या वेळी तिच्या बरोबरीने.

"खांदा कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

"मागच्या वर्षीपासून."

"बोलला नाहीत."

"काय बोलायचं? घरात एक दुखणाईत पुरे नव्हती का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझं अंग बरं असलं ना, की मला सकाळीच कळायचं. तू भांडी वाजवायला लागलीस की कळायचं. आणि मला इतकं बरं वाटायचं गं! तुला बरं आहे म्हणून नाही. आज आपल्याला टेकायला मिळणार म्हणून. तू मरमर करायचीस आणि मी समोर बसून चहा प्यायचे. मला दिसत होतं तू उद्या पडणार. तरी एकदाही म्हटलं नाही, की बस." त्यांनी नाक ओढलं. "तुझे चांगले दिवस मी खाल्ले."

भिंगरीच्या ओठांवर "असू द्या हो वन्सं" अगदी तयार होतं. पण तिने ते गिळलं, कारण ते खरं नव्हतं.

"हो, खाल्लेत," ती म्हणाली. "आणि मी तुमचा खांदा."

वन्सं भर रस्त्यात थांबल्या आणि रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या, तोंडावर हात न धरता. लग्न होऊन या घरात आल्यापासून भिंगरीने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. येणारे जाणारे वळून बघत होते, पण भिंगरीने त्यांना गप्प केलं नाही, आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.